फुकटातली पाठराखीण

वाळल्या मिरच्यांच्या पोत्यांवर बसून तुम्ही कधी प्रवास केला आहे का? नसेल, तर स्वस्त प्रवासाच्या गोष्टी मला सांगू नका. आमच्या घरातली पोरं थर्डक्लासात उभ्यानं गेलो म्हणून फुशारकी मारतात, तेव्हा मला हसू येतं. आम्ही सासू-सून जानेफळाहून अमडापूरपर्यंत बाजाराच्या बैलगाडीत मिरच्यांवर बसून गेलो. दर दहा पावलांना एक शिंक. आधी माझी, मग सासूबाईंची, मग गाडीवानाची, आणि शेवटी बैलांची. बैल शिंकतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

गाडीवान गावातलाच. भाडं घेणार नव्हता, फक्त एवढंच म्हणाला, "मामी, शिंका आल्या तं मले बोलू नोका."

सासूबाई म्हणाल्या, "तुह्या मिरच्या चांगल्या हायेत म्हणून तं शिंका येतात. बाजारात गिऱ्हाइकाले आमची नाकं दाखवजो. भाव वाढून भेटीन."

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणत, मीही तेच म्हणत असे. तर या आत्याबाई घरात मामंजींसमोर, म्हणजे माझ्या सासऱ्यांसमोर, 'हाव' आणि 'नाई' एवढ्या दोन शब्दांत दिवस काढायच्या. गावाची शीव मागं पडली की त्यांची जीभ सुटायची. लग्नाला दोन वर्षं झाली होती तरी मला हे माहीत नव्हतं, कारण शिवेबाहेर आम्ही दोघीच अशा कधी गेलोच नव्हतो. मी अठरा वर्षांची होते.

घरी सांगून निघालो होतो ते देऊळगाव राजाच्या बालाजीच्या दर्शनाला. मामंजी नाही म्हणाले नाहीत, कारण देवाला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. पण भाडं दिलं ते बालाजीपुरतं, आणि वरून बजावलं, "पाचव्या दिवशी घरात दिसाले पायजे." खरी गोष्ट मला नदी ओलांडल्यावर, सातव्या की आठव्या शिंकेनंतर कळली.

"सूनबाई, आपल्याले जालन्याले जायाचं हाये."

"जालन्याले? ते तं मोगलाईत!"

"मंग? मोगलाईत मानसं राह्यत नाईत काय?"

आमच्या नागपूरच्या सरकारचा मुलूख देऊळगावपुढं थोड्याच कोसांवर संपायचा आणि निजामाचा सुरू व्हायचा. त्याला आम्ही मोगलाई म्हणत असू. तिथं नाणं वेगळं, नाका वेगळा, आणि त्या काळात लढाई चालू असल्यामुळं कापडचोपड पलीकडं न्यायलाही बंदी. मला आधी भीती वाटली आणि लगेच, खरं सांगायचं तर, गुदगुल्या झाल्या.

आत्याबाईंचं लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. नवी नवरी सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत माहेरची एक बाई जाते, पाठराखीण. नवरी रडली तर गप करायला, भूक लागली तर तिच्या वतीनं सांगायला. आत्याबाईंच्या घरात त्या वेळी एक बाळंतीण, एक आजारी. पाठवायला कोणी नव्हतं. मग शेजारची दहा वर्षांची मैत्रीणच पाठराखीण म्हणून पाठवली. दोघी पोरी आठ दिवस जानेफळच्या माजघरात एका पांघरुणात झोपल्या. जाताना मैत्रीण म्हणाली, "आता माह्या लगनात तू पाठराखीण येजो." आत्याबाई म्हणाल्या, "येईन." पुढच्याच वर्षी तिला जालन्याला दिली. आत्याबाईंच्या सासरच्यांनी विचारलं, "ती आपली कोन लागते?" आणि पाठवलं नाही. त्यानंतर दोघींची गाठच पडली नव्हती.

"मामंजीले सरळ सांगून पाह्यचं होतं," मी म्हटलं.

"सांगतलं ना. ते बी तेच म्हणतात, ती आपली कोन लागते. आता काय सांगू? भैन नाई, नणंद नाई, याईन नाई. लगनाचं बोलावनं नाई, मयताचा सांगावा नाई. नुसती मैतरीन. मैतरनीसाठी बाईमानूस गाव सोडते काय?"

आणि त्या एवढ्या मोठ्यानं शिंकल्या की बैल बिचकले. मांडीवरचं गाठोडं त्यांनी छातीशी धरलं. त्यात गोडंब्या होत्या, म्हणजे बिब्याच्या बियांतले गर. बिबा फोडताना तेल उडतं, हात पोळतात. आत्याबाईंनी महिनाभर दुपारी बसून त्या फोडल्या होत्या. माहेरी असताना दोघी चोरून खायच्या म्हणे. मी त्यांच्या बोटांवरचे काळे डाग पाहिले आणि माझं डोकं तापलं. मी पहिल्यापासून फटकळ. म्हटलं, "मंग जाऊच! कोन अडवते तं पाह्यतो."

अमडापूरचा बाजार भरला होता. पाराजवळ मोटारीची वाट बघत उभ्या होतो. पारापलीकडं एक गल्ली दिसत होती, तिकडं माझी मान सारखी वळत होती.

"काय पायतं वं?" आत्याबाईंनी विचारलं.

"काई नाई."

मोटार आली ती कोळशाची. पेट्रोल लढाईला गेलं होतं, म्हणून मोटारींच्या पाठीला एक भलंमोठं पिंप लावलेलं असे. त्यात कोळसे पेटवायचे, आणि त्याच्या धुरावर मोटार चालायची. चालायची म्हणजे काय, सपाटीवर चालायची, उतारावर उधळायची आणि चढावर रुसायची. चढ आला की ड्रायव्हर ओरडायचा, "उतरा बाप्पा हो!" पुरुष ढकलायचे, बायका मागून चालायच्या. आत्याबाईंना ते पटेना. त्यांनी पदर खोचला आणि पुरुषांच्या रांगेत जाऊन एक हात मोटारीला लावला. "माह्या हातानं चढली," असं वर पोचल्यावर त्यांनी सगळ्या मोटारीला ऐकवलं. आम्ही दोघी नखशिखांत काळ्या झालो होतो. चिखलीला एका बाईनं मला विचारलं, "कोयशाचा धंदा हाये काय तुमचा?" हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. हसायला मनाई करणारं तिथं कोणी नव्हतं, ही गोष्टच नवी होती.

देऊळगावला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. धर्मशाळेत उतरलो. फुकट जागा, फुकट पाणी, आणि नशीब असं की त्याच धर्मशाळेत एक लग्न. मुलगी देऊळगावकडची, मुलगा जालन्याचा. जालना हा शब्द कानावर पडला मात्र, आत्याबाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठ दिवस वण राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आधी बालाजीचं दर्शन घेतलं. "देवाले फसवायचं नाई," आत्याबाई म्हणाल्या, "फक्त मानसाले." मग धर्मशाळेत परत येऊन त्या सरळ पुऱ्या लाटायला बसल्या. कोणी बोलावलं नव्हतं. पण लग्नघरात लाटणं हातात असलेल्या बाईला कोणी उठवत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. मुलीकडच्यांना वाटलं, ही मुलाकडची, किती साधी बाई, आल्याबरोबर कामाला लागली. मुलाकडच्यांना वाटलं, ही मुलीकडचीच कोणी मावशी. एकीनं विचारलंच, "तुमी कोनाच्या?"

"आमी जानेफळच्या," आत्याबाई म्हणाल्या. ती बाई 'हां हां' करत निघून गेली. खोटं काय बोलल्या त्यात? काहीच नाही.

जेवणावळीत बायकांची गाणी सुरू झाली. आमच्याकडं विहिणीला, म्हणजे आमच्या बोलीत याईनला, नावं ठेवणारी गाणी म्हणायची रीत आहे. जितकं झोंबेल तितकं चांगलं. नवरदेवाची आई नाकात पिंपळपानाएवढी नथ घालून बसली होती. मुलीकडच्या बायका लाजऱ्या, कोणाला काही सुचेना. तोच पुऱ्यांच्या परातीमागून आवाज आला:

"जालन्याची याईन, नथ तिची भारी,
नाक कुठी गेलं, शोधे वरात सारी!"

काय हशा पिकला! नवरदेवाच्या आईनं हसता हसता नथ सावरली. तेव्हापासून आत्याबाई मुलीकडच्या, असं ठरून गेलं. ठरवलं कोणी, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी वरात जालन्याला निघायची. आणि नवरीची पाठराखीण, तिची खरी मावशी, हिला ऊन लागलं. उलट्या सुरू. कोळशाच्या मोटारीचा धूर नाकात गेल्याबरोबर तिनं डोळे पांढरे केले आणि म्हणाली, "मले मारून टाका, पन मोटारीत बसवू नोका." नवरी अकरा-बारा वर्षांची. ती रडू लागली, तिची आई रडू लागली, मुलाकडचे ओरडू लागले की मोटार तापून ठेवली आहे, कोळसा जळतो आहे.

आत्याबाई पुढं झाल्या. "मी जातो पोरीसंग. मावशीले उद्या बरं वाटलं का पाठवून द्या."

नवरीच्या आईनं त्यांचे पाय धरले. मुलाकडच्यांनी पुढची जागा रिकामी करून दिली. भाडं नाही, धक्काबुक्की नाही. आम्ही वरातीच्या मोटारीत, मानाच्या जागी. मी पाठराखणीची सून म्हणून सोबत. आत्याबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. हसू दाबून दाबून गाल फुगले होते.

नाक्याच्या अलीकडं मोटार थांबली आणि बायका झाडामागं गेल्या. नवं लुगडं गाठोड्यात सापडलं तर नाक्यावर धरतात, अंगावर असलं तर धरत नाहीत. म्हणून आहेरातली सगळी लुगडी बायकांनी एकावर एक नेसायची. मला तीन आली. वैशाखाचं ऊन, तीन लुगडी, वर कोळशाचा धूर. माझे हात शरीराला चिकटेनात, दोन्ही बाजूंना उभे राहिले. नाक्यावरचा शिपाई आत डोकावला. आठ-दहा लठ्ठ बायका घामानं निथळत, एकमेकींना चिकटून बसलेल्या.

"देऊलगाँव का खाना अच्छा था मालूम होता है," तो म्हणाला.

कोणी हसेना. मला मात्र आतून अशी उकळी फुटली की मी पदर तोंडात कोंबला. त्यानं आत्याबाईंच्या मांडीवरचं गाठोडं उघडायला लावलं, गोडंब्या पाहिल्या, परत बांधायला सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "घ्या ना, चाखून पाहा." तो नको म्हणाला. त्या म्हणाल्या, "बरंच झालं, मोजक्याच हायेत."

इथपर्यंत सगळं जमलं. जालन्याला पोचल्यावर मात्र आमची पंचाईत झाली, कारण पाठराखीण म्हणून आलेली बाई घर सोडून हिंडू शकत नाही. नवरी तर आत्याबाईंचा पदर सोडेना. नथवाली विहीण आधीच येऊन पोचली होती, तिनं दारातच ओळखलं. "तुम्हीच ना हो, माझं नाक हरवणाऱ्या? आता आठ दिवस सोडत नाही तुम्हाला." एवढं प्रेमानं म्हणाली की मला रडू आलं. कारण आठ दिवस कुठले? सकाळी चौथा दिवस उजाडणार होता. पाचव्या दिवशी घरी पोचायचं, म्हणजे हातात तोच एक दिवस. आणि मैत्रिणीचा पत्ता काय, तर 'जालन्याले, कडुनिंबाच्या घरात'. जालन्यात कडुनिंब काय एक होता?

सकाळी आत्याबाई न्हाणीच्या दाराशी बसून राहिल्या. आदल्या दिवशीचा सगळा ताठा गेला होता. "इथवर येऊन," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, सरळ सांगून टाका. त्या म्हणाल्या, "काय सांगू? पाठराखीण खोटी हाये? त्या पोरीची सासरात काय इज्जत राह्यली मंग?" हे मात्र खरं होतं.

आम्हाला वाचवलं ते रीतीनं. दुपारी विहीणबाई म्हणाली, नव्या नवरीला गल्लीतल्या मोठ्या बायकांच्या पाया पडायला न्यायचं आहे, पाठराखणीनं सोबत चलावं. निघालो. पहिलं घर, दुसरं घर, तिसरं घर. प्रत्येक घरी नवरी वाकायची, कुंकू लागायचं, हातावर गूळ. प्रत्येक अंगणात मी आधी झाड बघायची. एका अंगणात आंबा, एकात काहीच नाही, एकात बाभूळ. गल्ली संपत आली. सहाव्या की सातव्या घरी आत शिरताना माझ्या डोक्यावर निंबोळी पडली.

ओसरीवर एक जाड, गोरी बाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. नवरी वाकली. ती बाई जालन्याच्या बोलीत म्हणाली, "औक्षवंत हो. आणि ही कोण गं सोबत?"

"हिची पाठराखीण," विहीणबाई म्हणाली. "जानेफळची आहे म्हणे."

सूप थांबलं. त्या बाईनं वर पाहिलं. तीन दिवस अख्ख्या मुलखाला बोलून हैराण करणाऱ्या आत्याबाई, आणि ऐन वेळी मुक्या. शेवटी त्यांनी नुसतं गाठोडं पुढं केलं. त्या बाईनं गाठ सोडली, एक गोडंबी तोंडात टाकली, सावकाश चावली. आणि जालन्याचं 'मला-तुला' बोलणारी ती एकदम माहेरच्या बोलीत म्हणाली:

"पाठराखीण यायाले लय वखत लागला वं तुले."

मग जे दोघी हसल्या आणि रडल्या, ते मी सांगत बसत नाही. तांदूळ सगळ्या ओसरीभर झाले. नवरी घाबरून माझ्यामागं लपली. नथवाल्या विहिणीला काय कळलं, काय नाही, कोण जाणे. पण ती खमकी बाई. नवरीचा हात धरून म्हणाली, "चला गं पोरींनो, पुढच्या घरी जाऊन येऊ. पाठराखीण दमली आहे, तिला इथंच बसू द्या." आम्ही गल्ली दोनदा फिरून आलो. तिन्हीसांजेला देऊळगावहून खरी मावशी आली, उन्हातून उठलेली, नाकाला फडकं बांधून. नवरी तिच्या गळ्यात पडली आणि आम्ही मोकळ्या झालो. ती रात्र आत्याबाई कडुनिंबाखाली मैत्रिणीच्या बाजेवर होत्या. मी आत झोपले, दोघींची कुजबूज ऐकत.

पाचव्या दिवशी भल्या पहाटे मैत्रिणीच्या मुलानं आम्हाला देऊळगावकडं सरकी नेणाऱ्या मोटारीत बसवून दिलं. सरकीची पोती मिरच्यांपेक्षा लाख पटीनं मऊ. देऊळगावला मोटार बदलली. आत्याबाई सारख्या आपल्याशीच हसत होत्या. चिखली मागं पडल्यावर त्यांना काय वाटलं कोण जाणे, एकदम म्हणाल्या:

"सूनबाई, तुले कोनी मैतरीन हाये?"

"व्हती."

"व्हती काऊन? मेली काय?"

"नाई वं, आत्याबाई. अमडापुरात देली. पारामागच्या गल्लीत."

"मंग जाताना बोलली काऊन नाई? दोन घंटे उभ्या होतो आपुन तठी!"

मी एवढी फटकळ, पण हे माझ्या तोंडून कसंबसं निघालं. "तुमी म्हणसान, ती आपली कोन लागते."

आत्याबाईंनी तोंड बाहेर वळवलं. अमडापूर येईपर्यंत त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मला वाटलं, मी चुकले, सगळ्या प्रवासाची माती केली.

पाराशी मोटार थांबली. ठरल्याप्रमाणं जानेफळचा गाडीवान गाडी जुंपून उभाच होता. आत्याबाई मोटारीतून उतरल्या आणि मटकन खाली बसल्या. "अवं माय वं! माहा पाय!" डावा पाय दोन्ही हातांनी धरला. गाडीवान धावत आला.

"मुरगयला बाप्पा," त्या कण्हत म्हणाल्या. "आज काई माह्यानं गाडीत बसनं होत नाई. घरी सांगजो, उद्या येतो."

"मामी, मालक चिडतीन ना. पाच दिवस म्हणत व्हते."

"चिडू दे. पाय काय त्याइले इचारून मुरगयते?"

त्या उठल्या, माझ्या खांद्याला धरलं आणि लंगडत पारामागच्या गल्लीकडं निघाल्या. मागून गाडीवान ओरडला, "मामी, डावा पाय व्हता ना? उजव्यानं लंगडून राह्यल्या तुमी!"

"दोन्ही दुखतात बे! जाय तू!"

गल्लीच्या तोंडाशी येऊन त्या थांबल्या. लंगडणं तिथंच सुटलं. "कोनतं घर?" त्यांनी विचारलं.

"मले नाई मालूम. नुसती गल्ली मालूम हाये."

"मंग हाक मार."

मी इकडं तिकडं पाहिलं. सुनेनं रस्त्यात उभं राहून ओरडायचं? सासूसमोर? डोक्यावरचा पदर घसरला होता, तो मी सावरायला गेले. आत्याबाईंनी माझा हात खाली ओढला.

"मार ना वं हाक. मी हावो ना पाठीशी."

मग मी गल्लीच्या मधोमध उभी राहिले आणि माझ्या मैत्रिणीला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली, इतक्या मोठ्यानं की तीन दारं उघडली.